१८८८ साली कोसळलेलं बेट

ज्वालामुखीचं बेट कोसळलं की त्सुनामी येते, ही कल्पना कधी जन्मली? जाणकार दोन सालं सांगतात. कुणी १९६४ म्हणतं. त्या वर्षी जेम्स मूर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने हवाईलगतच्या समुद्रतळाचे नकाशे पाहून सांगितलं, की ओआहू बेटाचा एक अख्खा कडा घसरून तळाशी पडलाय. त्यातला एकच तुकडा तीस किलोमीटर लांब आहे. कुणी १९८० म्हणतं, कारण त्या वर्षी १८ मे रोजी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीची उत्तर बाजू कॅमेऱ्यांसमोर ढासळली. मी दोन्ही सालं मानत नाही. माझ्या मते जन्मसाल १८८८. बाळ जन्मलं, पण ते कुणी ओळखलं नाही.

इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट १८८३, छत्तीस हजारांवर बळी. लाटेने आपल्याकडच्या बंदरांतल्या भरतीमापकांच्या रेघासुद्धा हलवल्या आणि मेजर बेअर्ड यांनी त्याचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीला दिला. सोसायटीचा क्राकाटोआवरचा जाडजूड ग्रंथ निघाला १८८८मध्ये. त्याच वर्षी आणखी दोन घटना घडल्या आणि माझं सगळं म्हणणं त्या दोन घटनांवर उभं आहे.

पहिली १३ मार्चची. न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन यांच्यामध्ये रिटर नावाचं साधारण ७८० मीटर उंचीचं, उभ्या कड्यांचं बेट होतं. त्या सकाळी त्याचा पश्चिमेकडचा भाग समुद्रात गेला आणि मागे उरली चंद्रकोरीसारखी एक चिंचोळी कड. पुढे संशोधकांनी काढलेला गेलेल्या मालाचा अंदाज चार-पाच घन किलोमीटरचा आहे. हा मुलूख तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. फिंशहाफेनच्या ठाण्यावर त्यांनी पाणी कधी ओसरलं, कधी चढलं याच्या घड्याळ लावून नोंदी केल्या. न्यू ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी मळ्यांसाठी जमीन शोधणारी एक तुकडी उतरली होती. तिच्यात कार्ल हुन्स्टाइन होता. पक्षीशास्त्राच्या वाचकांना हे नाव ओळखीचं असेल. निळ्या स्वर्गपक्ष्याचा पहिला नमुना युरोपात पोचला तो त्याच्यामुळे. लाटेत तो गेला. किनाऱ्यावरची स्थानिक गावंही गेली, पण त्यांची नावं घेऊन कुणी लिहिलं नाही.

दुसरी घटना १५ जुलैची, जपानमधल्या बंदाई पर्वताची. त्याची उत्तर बाजू निखळून खालच्या दरीत पसरली आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसं गाडली गेली. सेकिया आणि किकुची या दोन प्राध्यापकांनी घटनास्थळी जाऊन उत्कृष्ट वर्णन लिहिलं आणि कारण दिलं वाफेच्या स्फोटाचं.

म्हणजे चार महिन्यांत एक डोंगर पाण्यात कोसळला, एक जमिनीवर. दोन्ही नोंदी छापल्या गेल्या. मग त्या शेजारी-शेजारी ठेवायला नव्वदहून अधिक वर्षं का लागली? माझा तर्क असा की दोष क्राकाटोआचा. त्याच्या आवाजाने सगळ्यांच्या मनात ज्वालामुखीची लाट म्हणजे स्फोटाची लाट असं पक्कं बसलं. रिटरला आवाज झाले, थोडी राख पडली, पण एवढी मोठी लाट उठवेल असा स्फोट नव्हता. तरी लोक स्फोटच शोधत राहिले. पुढे काहींनी बेट जागच्या जागी खाली खचलं असंही मांडलं. हा प्रतिस्पर्धी सिद्धान्त काही काळ चांगला टिकला. पण खचलेल्या जागी खड्डा उरायला हवा. रिटरजवळ उरली एका बाजूने उघडी, घोड्याच्या नालेसारखी खाच आणि तिच्यासमोर समुद्रतळावर पसरलेला मलबा. सेंट हेलेन्सचा मलबा आणि त्यातल्या टेकड्या-टेकाडांची रास डोळ्यांसमोर आल्यावर १९८७मध्ये भूवैज्ञानिक आर. डब्ल्यू. जॉन्सन यांनी रिटर ‘घसरलं’ असं ठामपणे मांडलं. पुढे वॉर्ड आणि डे या संशोधकांनी त्या लाटेचं गणित करताना फिंशहाफेनच्या त्या जुन्या नोंदीच वापरल्या. २०१६मध्ये ‘सोने’ या जर्मन संशोधन जहाजाने तिथला तळ धुंडाळला. त्यातून दिसलं की कोसळण्याच्या बऱ्याच आधीपासून डोंगराची ती बाजू हळूहळू पसरत होती.

मूरचे चाहते इथे हवाईतलं लानाई बेट पुढे करतात. तिथे ३२६ मीटर उंचीवर प्रवाळाचे तुकडे सापडतात. जुन्या पिढीच्या मते ते प्राचीन समुद्रपातळीचे अवशेष, तर मूर यांनी १९८४मध्ये म्हटलं की महाकाय लाटेने ते वर फेकले. विरोधक सांगतात की बेटच वर उचललं गेलंय, शिवाय हे थर एका वेळचे नाहीत. हा वाद रंगतदार आहे, पण साक्षीदार लाखभर वर्षांपूर्वीचे. रिटरचे साक्षीदार हातात घड्याळ घेऊन उभे होते.

कॅनरी बेटांतल्या ला पाल्माची भीती मात्र मला फुगवलेली वाटते. २००१मध्ये वॉर्ड आणि डे यांनीच त्या बेटाचा ५०० घन किलोमीटरचा कडा एकदम सुटला तर अमेरिकेपर्यंत १० ते २५ मीटरच्या लाटा जातील, असं गणित मांडलं. पण कॅनरीच्या आसपासच्या समुद्रतळावरचे जुने गाळाचे थर सांगतात की तिथले डोंगर टप्प्याटप्प्याने पडले. २०२१मध्ये ८५ दिवस उद्रेक चालला, कडा जागचा हलला नाही.

खरा धोका छोट्या कोसळण्यांचा. २२ डिसेंबर २०१८च्या रात्री क्राकाटोआच्याच विवरात वाढलेल्या आनाक क्राकाटाऊची बाजू समुद्रात गेली. चारशेहून अधिक माणसं मेली. भूकंपावर बेतलेल्या इशारा-यंत्रणेला काही कळलं नाही. हीच बाजू कोसळली तर सुमारे ०.२८ घन किलोमीटर माल समुद्रात जाईल आणि लाट जावाच्या किनाऱ्यावर किती वेळात पोचेल, हे फ्रेंच संशोधकांनी २०१२मध्ये छापलं होतं.