शेंदूर, अभ्रक आणि शिसेविरहित भट्टी

नांदेड-लातूरकडच्या गावात शिरताना वेशीवरचा शेंदरी मारुती दिसतोच. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. विद्युत सिरॅमिकचा एक मोठा उद्योग विसाव्या शतकात शिशाच्याच ऑक्साइडवर उभा राहिला, आणि आज तेच शिसे त्यातून काढून टाकण्याची खटपट जगभर चालू आहे. आजचा धागा त्या खटपटीच्या इतिहासाचा.

आरंभ १९२० चा. अमेरिकेत जोसेफ वालाशेक यांना रोशेल क्षारात एक विलक्षण गुण आढळला : बाह्य विद्युतक्षेत्र काढून घेतले तरी स्फटिकातील ध्रुवीकरण टिकते, आणि क्षेत्र उलटे केले की तेही उलटते. लोहचुंबकाशी असलेल्या या साधर्म्यामुळे अशा पदार्थांना ‘फेरोइलेक्ट्रिक’ म्हणू लागले. रोशेल क्षारात लोखंडाचा कणही नाही. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

पुढचा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा. रेडिओ आणि रडार यंत्रांतील कपॅसिटरना अभ्रक लागे, आणि उत्तम अभ्रकाचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, मुख्यतः तेव्हाच्या बिहारमधील कोडरमा-हजारीबागच्या खाणींतून होई. पुरवठ्याची भीती निर्माण होताच पर्यायाचा शोध सुरू झाला. अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि जपान या तिन्ही देशांत, एकमेकांना नकळत, बेरियम टायटेनेट गवसले. कोडरम्याच्या मजुरांचे नाव या कथेत सहसा येत नाही. ते यायला हवे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बेरियम टायटेनेटमध्ये शिसे नाही. म्हणजे या सिरॅमिकचा जन्मच शिशाविना झाला. शिसे नंतर आले. बेरियम टायटेनेटचा फेरोइलेक्ट्रिक गुण सुमारे १२० अंश सेल्सिअसला मावळतो. १९५० च्या दशकात पुढे आलेले लेड झिर्कोनेट टायटेनेट अधिक उष्णता सोसते, आणि दाबाचे विजेत रूपांतर करण्यातही सरस ठरते. त्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते, याची चिंता त्या काळी फारशी कोणी केली नाही.

महाराष्ट्राचा धागाही याच काळात जुळतो. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. व्ही. जी. भिडे यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये लेड टायटेनेटवर, तर १९६५ मध्ये बिस्मथ फेराइटवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. पहिल्यात शिसे आहे, दुसऱ्यात नाही. शिसेविरहित संशोधनाचा डंका वाजण्यापूर्वीची ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते.

डंका वाजला तो कायद्यामुळे. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध लागू केले. गंमत अशी, की सिरॅमिकमधील शिशाला मात्र सवलत मिळाली, कारण पर्याय तयार नव्हता.

आता ऊर्जासाठ्याविषयी. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्यात ‘वीज साठवणारे सिरॅमिक’ म्हटले की लोकांना बॅटरी आठवते. ते चुकीचे आहे. या कपॅसिटरमध्ये बॅटरीच्या मानाने फारच थोडी ऊर्जा मावते. पण ती मायक्रोसेकंदांत बाहेर पडू शकते. रात्रभर दिवा जळणार नाही, एक प्रचंड झटका मात्र मिळेल. शेतपंपाला आपण जोडतो तो कपॅसिटरही बहुधा प्लास्टिक फिल्मचा असतो, आणि त्याचे काम निराळे. फेरोइलेक्ट्रिकमध्ये अडचण अशी, की भरलेल्या ऊर्जेचा काही भाग ध्रुवीकरण उलटण्यातच उष्णता होऊन वाया जातो. म्हणून सोडियम बिस्मथ टायटेनेटसारख्या संयुगांत इतर मूलद्रव्ये मिसळून तो तोटा कमी करण्याचे प्रयोग चालतात.

असे प्रयोग लहान गावांतूनही होऊ शकतात, आणि हाच या इतिहासाचा आपल्याकडचा दुवा. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्रामदिनी, स्थापन झाले. लातूरच्या शेजारी, उमरगा तालुक्यातील गुंजोटीच्या महाविद्यालयाचे नाव फेराइटवरील शोधनिबंधांत आढळते. अकीकाचा खल, भुकटीच्या वड्या पाडणारा दाबयंत्राचा साचा आणि हजार अंशांपलीकडे तापणारी भट्टी, एवढ्यावर या विद्येचा श्रीगणेशा होतो. मोजमापाची महागडी यंत्रे नंतर येतात.

आणि शिशाचा प्रश्न सर्वप्रथम त्या भट्टीपाशीच उभा राहतो. तापवताना शिशाचे ऑक्साइड वाफ होऊन उडते. जिथे धूर खेचून घेणारी बंदिस्त पेटी नाही, तिथे ते भट्टीजवळच्या विद्यार्थ्याच्या श्वासात जाते. युरोपच्या कायद्याने ग्राहकाचा विचार केला. हा विद्यार्थी त्यात कुठेच नव्हता.

जाता जाता : शिशाची जागा घेणारे बिस्मथ जगात मोठ्या प्रमाणावर मिळते ते शिशाच्याच शुद्धीकरणातून, उपपदार्थ म्हणून.