कवेलू उतरली, कूलर चढला

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरावर घर गार ठेवायचं काम पिढ्यानपिढ्या छपराकडे होतं. कोलाम आदिवासींच्या गुड्यांवर भिंत म्हणजे बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. वर गवत किंवा नळीची कवेलू. तापलेली हवा कवेलूंच्या फटींतून वर निघून जायची. थंडीत तेच घर चुलीवर ऊब धरायचं आणि चुलीचा धूर आढ्याच्या बांबूला कीड लागू द्यायचा नाही. बांबूकामात कोलामांचा हात मुरलेला, म्हणून मिस्त्री घरातच. काही कुजलं तर जंगलातून नवं आणायचं आणि मृगाआधी घर शाकारून घ्यायचं.

हा मुलूख निजामाच्या काळात आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. राजुरा तालुका १९५६ साली नांदेडला जोडला गेला, १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. जिवती हा स्वतंत्र तालुका त्यातूनच पुढे निघाला. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून कुटुंबं डोंगरावर आली, तांडे वसले. त्यांनीही हाताशी होतं तेच वापरलं: लाकूड, बांबू, माती.

डोंगराखाली, इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत गारव्याची रीत वेगळी होती. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायला एक गडी. रीत साहेबांची नव्हेच. ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या खसखान्याची, म्हणजे वाळ्याच्या खोलीची, नोंद आहे. साहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिला यंत्र जोडलं. थर्मँटिडोट नावाच्या त्या मोठ्या पेटीत हातानं फिरवायचा पंखा असे आणि बाजूंना ओल्या ताट्या. पंखा फिरवणाऱ्याच्या जागी विजेची मोटर आणि पाणी मारणाऱ्याच्या जागी छोटा पंप बसवला की विदर्भातल्या घराघरांतला टिनाचा कूलर झालाच म्हणायचा. वाळा महाग, म्हणून ताट्यांत लाकडाचा भुगा नव्हे तर लांब कीस भरला गेला. बाजारात तो वुडवूल.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं. त्यामुळे पारा ४५च्या वर नेणाऱ्या चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलरचा जोर असतो, आणि पहिल्या पावसानंतर तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा भरतो.

डोंगरावर कूलरची गरज मात्र उन्हानं एकट्यानं निर्माण केली नाही. ऊन पूर्वीही होतंच. बदललं ते छप्पर. माणिकगडाच्या टापूत चुनखडीचा दगड, म्हणून पायथ्याशी गडचांदूरला सिमेंटचा कारखाना उभा राहिला. पुढे घरकुल योजनांनी पक्कं घर दिलं. ते हवंच होतं; दरवर्षीची शाकारणी, माकडांनी फोडलेली कवेलू, पावसाळ्यातली गळती यांचं कौतुक दुरून करणाऱ्यांनीच करावं. पण टिन दुपारी तापून थेट डोक्यावर आग ओततं, आणि स्लॅब दिवसभर प्यालेलं ऊन रात्री परत करतो. जुन्या छपराबरोबर घरातला गारवाही उतरला. तो भरून काढायचा खर्च घरकुलाच्या अंदाजपत्रकात कुठे नसतो.

कूलर आला तोही अडचणी घेऊनच. टिनाच्या पेटीत पाणी आणि वीज एकत्र नांदतात; अर्थिंग नीट नसेल तर नुसता हात लागला तरी जीव जाऊ शकतो. पाणी भरताना आधी प्लग काढा, हे विदर्भात दर उन्हाळ्यात सांगावं लागतं.

दुसरी अडचण खास डोंगराची. कूलरला पाणी लागतं ते नेमकं विहिरी तळाला गेलेल्या महिन्यांत. हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बाईनं ते टाकीत ओतावं की रांजणात, हा हिशेब शहरातल्या दुकानात कुणी मांडत नाही. त्यात चुनखडीच्या खडकातलं पाणी जड. पाणी उडून जातं, क्षार ताटीवरच राहतात. पांढरा थर चढला की वुडवूल कडक होतं, हवा अडते, पंपाची भोकं बुजतात. जास्त टिकणारं म्हणून विकलं जाणारं जाळीदार हनीकोंब पॅडही या पाण्यापुढे लवकर हात टेकतं. म्हणून कूलर जुना असो की नवा, उन्हाळ्याच्या तोंडावर ताट्या बदलाव्याच लागतात.