एलएस : दोन अक्षरांची आज्ञा आणि एक टिंब

व्हॉट्सॲपवर तुम्ही बघितलेली स्टेटस अँड्रॉइड फोनमध्ये एका फोल्डरात साठतात. पण फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर सहसा दिसत नाही. का? तर त्याच्या नावाच्या सुरुवातीला एक टिंब आहे, बस. हे टिंब आलं कुठून, तीच आजची गोष्ट.

१९६१ साली अमेरिकेत, एमआयटीमध्ये, फर्नांडो कोर्बाटो यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच कॉम्प्युटर अनेकजण एकाच वेळी वापरू लागले. मग आपल्या फाइल कोणत्या, हे बघायला आज्ञा हवीच. तिचं नाव ‘लिस्टएफ’. पुढे मल्टिक्स प्रणालीत ती ‘लिस्ट’ झाली, आणि थोडक्यात ‘एलएस’.

मल्टिक्सच्या कामात बेल लॅब्जही होती. १९६९ मध्ये ती बाहेर पडली. त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. मल्टिक्समधलं हे ‘एलएस’ त्यांनी सोबत आणलं. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ते आहे.

आता दोनच अक्षरं का? तेव्हा स्क्रीन नव्हे, टेलिटाइप असायचा. कळ दाबली की खडखडाट करत कागदावर अक्षर उमटायचं, तेही सेकंदाला साधारण दहा. त्यामुळे कमी टाइप करायचं आणि यादीही छोटी ठेवायची, हे सोयीचंच होतं.

यादीत एक कटकट होती. प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी असतातच : एक टिंब म्हणजे तो फोल्डर स्वतः, दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचा फोल्डर. दरवेळी त्या कशाला छापायच्या? म्हणून प्रोग्राममध्ये एक सोपी अट घातली : नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव वगळायचं.

पुढे बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये हा किस्सा लिहिला. त्यांच्या मते ती चूक होती. अट त्या दोन नोंदींपुरतीच हवी होती. पण आता टिंबाने सुरू होणारं कुठलंही नाव गायब व्हायला लागलं! मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला आणि आपापल्या सेटिंगच्या फाइल टिंबामागे ठेवल्या. युनिक्सची ही सवय लिनक्सने उचलली, आणि लिनक्सवर उभ्या असलेल्या अँड्रॉइडमधून ती तुमच्या खिशात आली.

पण मंडळी, एक लक्षात ठेवा. टिंब म्हणजे कुलूप नाही. ‘एलएस’ला ‘-ए’ जोडलं की सगळं समोर. फाइल मॅनेजरमध्येही ‘लपवलेल्या फाइल दाखवा’ असा पर्याय बहुधा असतोच. तेव्हा खाजगी फोटो नुसत्या टिंबामागे ठेवून निर्धास्त राहू नका. ते टिंब कधी पहाऱ्यासाठी नव्हतंच, ते होतं फक्त यादी आटोपशीर ठेवायला.

भेटू पुढच्या भागात!