मंगळवेढे : कोठार आणि कुसू

वाचकहो, दामाजीपंतांचे आख्यान तुम्ही ऐकले नाही असे होणार नाही. आम्ही कीर्तनकार ते कोठारापासून सुरू करतो. एवढे मोठे कोठार मंगळवेढ्यातच का होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. त्याचे कारण तिथल्या मातीत आहे.

पंढरपुराहून आग्नेयेला निघालात की वाटेत माण नदी लागते, आणि पंचवीसेक किलोमीटरवर मंगळवेढे येते. सोलापूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. भोवतीचे शिवार काळ्याभोर, खोल जमिनीचे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस बेताचा. पण परतीच्या पावसाची ओल ही माती पोटात धरून ठेवते आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरलेला शाळू त्याच ओलीवर थंडीत पिकतो. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या पिढीला तिची भाकरी खाऊनच ते ठाऊक होते! तालुक्याचा दक्षिण भाग मात्र माळरानाचा, पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारा. एकाच तालुक्यात सुगीही आणि तहानही.

जिथे धान्य साठते तिथे सत्ता येऊन बसते. १२व्या शतकात कलचुरी बिज्जळ कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक म्हणून इथून कारभार पाहत होता. महात्मा बसवेश्वरांनी त्याच्या खजिन्यात कारकुनी सुरू केली ती याच गावी, असे कानडी परंपरा सांगते. बिज्जळाने पुढे कल्याणीची गादी घेतली आणि राजधानी गेली. कोठारे राहिली.

कोठार आले की कुसू आलेच. आणि कुसू बांधायला हात कुणाचे? वेठीला धरलेल्यांचे. चोखोबाराय हे मंगळवेढ्याचे. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्या ढिगाऱ्यातून विठ्ठलनाम ऐकू येणाऱ्या अस्थी वेचल्या, ही कथा आपण डोळे पुसत ऐकतो. पण ते कुसू गावातल्या धान्याचे रक्षण करणार होते आणि ते रचणाऱ्याचे घर गावाबाहेर होते, हे ऐकताना किती जणांच्या मनात येते?

मग १५व्या शतकातला तो दुष्काळ, पुढे दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला गेलेला. बेदरच्या बहामनी पातशाहाच्या चाकरीत असलेल्या पंतांनी सरकारी धान्य भुकेल्यांना वाटले. दंडाची मोहोर भरायला विठ्ठल बेदरला गेला, तो विठू महार होऊन. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या गावाने महाराला भिंतीखाली गमावले, त्याच गावासाठी देवाने महाराचेच रूप घेतले. हा प्रसंग रंगवताना चोखोबांची आठवण काढल्याशिवाय मी कधी पुढे गेलो नाही.

कान्होपात्राही इथलीच. तिलाही बेदरचे बोलावणे आले होते. ती पंढरीच्या पायांशी गेली ती परतली नाही.

पंढरीत महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथे आपण माथा टेकतोच. माघवारीला आलात तर एक दिवस हाताशी ठेवून मंगळवेढ्याला जा. त्या दिवसांत शाळूची कणसे भरलेली असतात, कुठे काढणीला हात लागलेला असतो. दामाजीपंतांच्या देवळात दर्शन घ्या, आणि तिथून चोखोबांच्या स्मारकाकडे चालतच जा.