रेशमी कार्डाची पाठ

शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या बाई दिवाळीची भेटकार्डं करून घेत. जाड कार्डशीटचा तुकडा दुमडायचा, कार्बनपेपरनं पणतीची नाहीतर फुलाची नक्षी उतरवायची, टाचणीनं सारख्या अंतरावर भोकं पाडायची आणि मग त्यातून रंगीत दोरा ओढत उलटी टीप किंवा साखळी टाका घालायचा. कापडावर चुकलं तर उसवता येतं. कागदावर चुकीचं पडलेलं भोक मात्र कायमचं राहतं. त्यामुळे हात जपून चालवावा लागे. कार्ड पुरं झालं की आम्ही मोठ्या कौतुकानं ते बाईंपुढे धरायचो. बाई पुढची बाजू बघायच्याच नाहीत. कार्ड आधी उलटं करायच्या. गाठी किती, दोरे कुठून कुठे ओढलेत, सगळं तिथे दिसायचं. ‘भरतकामाची परीक्षा पाठीवर असते,’ असं त्या म्हणायच्या.

बाईंचं हे वाक्य मला पुष्कळ वर्षांनी आठवलं, ते तिकिटं आणि जुनी टपालकार्डं जमवणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी. त्यांनी अल्बममधून एक कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. आकार आपल्या नेहमीच्या पोस्टकार्डाएवढा. कडेला उठावाची नक्षी असलेली कागदी चौकट आणि मधल्या तलम, जाळीदार रेशमावर जांभळी-पिवळी पॅन्सीची फुलं भरलेली. खाली इंग्रजीत भरलेली अक्षरं : माझ्या प्रिय आईस. साल १९१६. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या एका ब्रिटिश सैनिकानं ते घेतलेलं होतं.

मुळात पोस्टकार्ड ही चीजच तेव्हा फार जुनी नव्हती. पहिलं पोस्टकार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. आपल्याकडे ते १८७९ मध्ये पाव आण्याला मिळू लागलं. रेशमावर भरतकाम केलेली कार्डं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. पण त्यांचा खरा सुकाळ झाला तो १९१४ ते १९१८ या काळात, म्हणजे युरोप रक्तात न्हात होता तेव्हा. त्या चार वर्षांत अशी सुमारे एक कोटी कार्डं तयार झाली असावीत, असा अंदाज आहे.

एवढा खप का झाला? एक कारण असं, की सैनिकाला घरी मनातलं लिहायची मोकळीक नव्हती. पत्रं वरिष्ठ अधिकारी वाचत. ब्रिटिश सैन्यानं एक छापील कार्डही काढलं होतं. त्यावर ‘मी बरा आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केलं आहे’ अशी तयार वाक्यं असत. नको ती खोडायची आणि खाली तारीख नि सही करायची. पदरचा एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट केलं जाई. अशा वेळी जे लिहिता येत नव्हतं, ते सांगायला ही रेशमी फुलं सैनिकाच्या कामी आली. पॅन्सीला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्याचाच दुसरा अर्थ ‘विचार’ किंवा ‘आठवण’. निळी फर्गेट-मी-नॉट तर नावातच विनवणी घेऊन येतात. कुठे फुलपाखराच्या पंखांत दोस्त राष्ट्रांचे झेंडे भरलेले, कुठे पलटणीचं बोधचिन्ह, कुठे नाताळच्या शुभेच्छा. काही कार्डांना रेशमाचा छोटासा खिसा असे आणि त्यात बोटभर लांबीची शुभेच्छा-चिठ्ठी.

ही कार्डं स्वस्त नव्हती. साध्या ब्रिटिश सैनिकाचा रोजचा पगार होता एक शिलिंग. त्यातून घेतलेली ही चैन टपालाच्या पिशवीत चुरगळू नये, म्हणून तो ती बहुधा पत्राच्या पाकिटात घालून पाठवी. त्यामुळे कितीतरी कार्डांच्या मागे तिकीट नाही, शिक्का नाही, अक्षरही नाही. पत्र हरवलं, कार्ड तेवढं राहिलं.

आता प्रश्न असा, की ही कार्डं भरली कुणी? याची एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या बायका, घरदार सोडून आलेल्या निर्वासित स्त्रिया, खिडकीशी बसून एकेक कार्ड हातानं भरत. युद्धात सुमारे अडीच लाख बेल्जियन निर्वासित ब्रिटनमध्ये गेले होते, तिथेही हे काम चाले. रेशमाच्या लांब पट्टीवर एकच नक्षी ओळीनं पुन्हा पुन्हा भरायची. मग पट्टी बहुधा पॅरिसला जाई, तिथे कापून चौकटीत चिकटवली जाई. गोष्ट मनाला भिडणारी आहे आणि काही अंशी खरीही असेल.

पण त्या दिवशी त्या गृहस्थांनी तशाच नक्षीचं दुसरं कार्ड पहिल्याशेजारी ठेवलं. पहिल्या कार्डात डावीकडच्या पाकळीचा एक टाका रेघेबाहेर गेला होता. दुसऱ्या कार्डातही तोच टाका, तेवढाच बाहेर. हात चुकतो, पण दोनदा अगदी सारखा चुकत नाही. मला बाई आठवल्या. मी कार्ड उलटं केलं, तर मागे जाड कागद चिकटवलेला. भरतकामाची पाठ बघायची सोयच ठेवलेली नव्हती.

काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, की यातली बरीच कार्डं हातानं चालवायच्या भरतकाम-यंत्रावर झाली. हे यंत्र जोसुए हाइलमान यांनी फ्रान्समधल्या म्यूलुझ इथे १८२८-२९ च्या सुमारास बनवलं आणि पुढे स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन भागात त्याचा मोठा धंदा झाला. कापड उभं ताणलेलं. शेकडो सुया, दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि नेढं मध्यभागी. कारागीर मोठ्या नक्षीवरून एक टोक फिरवतो आणि जोडकाठ्यांमुळे तीच नक्षी लहान होऊन कापडावर उतरते. सुया कापडातून आरपार जातात, पलीकडचे चिमटे त्या धरतात आणि परत पाठवतात. टाका हातच्या टाक्यासारखाच पडतो, फक्त एका वेळी शेकडो ठिकाणी. कारागीर चुकला तर चूकही शेकडो ठिकाणी.

मग हस्तकलेची गोष्ट खोटी म्हणायची का? इथेच खरी गंमत आहे. या सुयांत घालायचा दोरा जेमतेम मीटरभर. तो संपला की प्रत्येक सुई पुन्हा ओवायची. रंग बदलला की पुन्हा सगळ्या सुया. एका फुलाला पाच रंग असतील तर किती वेळा, हिशेब करा. हे ओवण्याचं काम बायका आणि लहान मुलं करत, बहुधा घरच्या घरीच, डोळे फोडून. म्हणजे यंत्र मान्य केलं तरी बायकांचे हात नाहीसे होत नाहीत. फक्त ते खिडकीशेजारच्या त्या सुंदर चित्रातून उठून कामाच्या रगाड्यात जाऊन बसतात.

याच युद्धभूमीवर आपलीही माणसं होती. १९१४ च्या शरदात लाहोर आणि मेरठ डिव्हिजन मार्सेलला उतरल्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या आणि त्यांची मोठी हानी झाली. भारतीय सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरनं करवलेले इंग्रजी तर्जुमे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातली कितीतरी पत्रं सैनिकानं सांगितलेली आणि दुसऱ्या कुणी लिहिलेली. आईला काय वाटेल याचा विचार करत शब्द जुळवणारा तो लेखनिक पत्रात कुठेच नाही. तशीच रेशमी कार्डावर सुई ओवणारीही नाही. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावं कोरलेली आहेत. ज्यांच्या हातांनी त्या काळच्या माणसांची माया घरी पोचवली, त्यांच्या नावांना मात्र कुठे दगड नाही.

युद्ध संपलं आणि या कार्डांची लाट ओसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला काही पुन्हा निघाली, पण ती पूर्वीची सर काही आली नाही. आता संग्राहक ती किंमत देऊन घेतात. पुढची बाजू बघतात. फुलं अजून ताजी दिसतात.

मी ते कार्ड परत दिलं तेव्हा त्या गृहस्थांना म्हटलं, ‘मागचा कागद कधी सुटला तर मला कळवा.’ ते हसले. पण मी गमतीनं म्हटलेलं नव्हतं. आमच्या बाई असत्या तर त्यांनीही आधी पाठच मागितली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)