अतिरक्तदाबावरील उपचार : सर्पगंधा आणि मीठ

अतिरक्तदाबावरील औषधोपचाराच्या इतिहासात मुंबईला मानाचे स्थान मिळाले ते १९४९ मध्ये. त्या वर्षी हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांचा सर्पगंधेवरील निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. करवीर कुलातील या झुडपाचे मूळ वैद्य निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर पूर्वापार देत असत. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्यातील अल्कलॉइडे वेगळी केली व कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचा रक्तदाब उतरविण्याचा गुण नोंदविला, ही दोन्ही कामे १९३१ मधील. परंतु परदेशात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. वकील यांनी रुग्णांना औषध देऊन त्यांचा रक्तदाब आठवडोगणती मोजला व ती मोजमापे पाश्चात्त्य वैद्यकापुढे ठेवली. त्यांचे खरे श्रेय शोधापेक्षा या पुराव्याचे आहे. त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १९५२ मध्ये या मुळापासून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. त्याचा प्रसार झपाट्याने झाला. तथापि नाक चोंदणे, नाडी मंदावणे व काही रुग्णांत विषण्णता असे दोषही दिसून आले. पुढे नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. मुळांच्या बेसुमार खोदाईने वनस्पतीच दुर्मिळ होत गेली, हे या यशाचे दुसरे अंग होय.

मिठाचा विचार याहून जुना आहे. फ्रान्समध्ये आंबार व बोझार यांनी १९०४ मध्येच त्याचा रक्तदाबाशी संबंध दाखविला होता. अमेरिकेत वॉल्टर केंप्नर यांनी १९४० च्या दशकात भात व फळे यांचा जवळजवळ अलवण आहार देऊन रक्तदाब उतरविला. गुण आला, पण असे जेवण महिनोन्‌महिने गळी उतरविणे बहुतेकांना अशक्य होते. १९५७ च्या सुमारास आलेले क्लोरोथायाझाइड हे मूत्रल औषध मूत्रपिंडावाटे सोडियम बाहेर टाकते. केंप्नर यांनी ताटातून वगळलेले ते गोळीने काढून टाकता येऊ लागले. मात्र भरपूर मीठ खाणाऱ्यात अशा औषधाचा प्रभाव कमी होतो. म्हणून गोळी सुरू झाली की पथ्य सुटले, हा समज चुकीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमीच, मीठ खावे. महाराष्ट्रीय जेवणात ते आमटीभाजीखेरीज लोणचे, पापड, सांडगी मिरची आणि नाशिकचा प्रसिद्ध चिवडा यांसारख्या पदार्थांतूनही येते. पापडखार व खाण्याच्या सोड्यातही सोडियम असते. सैंधवाने हा प्रश्न सुटत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. सोडियमाचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटल्याचे चीनमधील ग्रामीण भागातील मोठ्या चाचणीत २०२१ मध्ये आढळले. परंतु मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी व पोटॅशियम वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरणे धोक्याचे आहे.