नाडीचा चुकलेला ताल

श्रोतेहो, मनगटावर तीन बोटं ठेवून आपली नाडी पाहा बरं. ठोके सारख्या अंतरानं पडतात ना? काहींची नाडी मात्र दोन ठोके घाईनं देते, मध्येच रेंगाळते, पुन्हा धावते. अशी नाडी जुन्या वैद्यांना नि डॉक्टरांना ओळखता येई; कारण मात्र उमगत नसे.

१९०६ साली हॉलंडच्या आइंटहोवेन यांनी अशा हृदयाचा विद्युत् आलेख प्रसिद्ध केला. १९०९ साली लंडनच्या थॉमस लुईस यांनी कोडं उलगडलं. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, म्हणून खालच्यांचा ताल बिघडतो. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

उपाय काय होता? डिजिटॅलिस नावाच्या वनस्पतीची पानं. इंग्लंडच्या विदरिंग यांनी १७८५ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं. या औषधानं ठोक्यांची घाई कमी होई, पण ताल काही जुळत नसे. रोग्याच्या राहणीकडे बारकाईनं पाहायला मात्र फार वेळ लागला.

१९७८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी सुट्टीत भरपूर दारू प्यालेल्यांत हा दोष आढळल्याचं नोंदवलं. २०२० साली ऑस्ट्रेलियात नेमानं पिणाऱ्या १४० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. पीत राहिलेल्यांपैकी शंभरांत ७३ जणांना सहा महिन्यांत हा दोष पुन्हा उद्भवला. दारू सोडायला सांगितलेल्यांत ५३ जणांना. त्याआधी २०१५ साली अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांना दिसलं, की ज्या स्थूल रोग्यांनी दहावा हिस्सा वजन उतरवलं, म्हणजे नव्वद किलोच्या माणसानं नऊ किलो, त्यांचा ताल टिकण्याची शक्यता इतरांच्या सहापट झाली.

असं का व्हावं? वाढलेला रक्तदाब, जादा चरबी, झोपेत घोरता घोरता अडणारा श्वास यांनी वरच्या कप्प्यांवर ताण पडतो. ताण उतरला, की थरथरही कमी होऊ लागते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते. ती मेंदूत गेली, की अर्धांगवायू. त्याचा धोका या रोगात सुमारे पाचपट. म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांनी दिलेलं रक्त पातळ ठेवणारं औषध आपल्या मनानं सोडू नये. राहणी सुधारायची ती औषधाच्या जोडीला.

गुरुजींनो, मुलांना नाडी पाहायला शिकवा. घरी जाऊन ती आजोबांचं मनगट धरतील. ताल चुकलेला दिसला, तर आजोबांना वेळीच दवाखाना गाठता येईल.